निर्देशांक चढला, तरुण निघाले : भूतानचं २०२२ साल

भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत आहे, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहूनही कमी. एवढ्याशा देशात २०२२ साली अभ्यासकांनी ११,०५२ माणसांना समोर बसवून झोपेपासून शेजाऱ्यांपर्यंत आणि रागापासून शौचालयापर्यंत सगळं विचारलं. त्या उत्तरांवरून काढलेला ‘सकल राष्ट्रीय आनंद निर्देशांक’ ०.७८१ आला. २०१० मध्ये तो ०.७४३ होता, २०१५ मध्ये ०.७५६. महासाथीची दोन वर्षं सोसूनही आकडा चढलेलाच होता.

त्याच वर्षीच्या श्रमबल पाहणीत तरुणांमधली बेरोजगारी २८.६ टक्के निघाली. हा आनंदाचा आकडा सरकारी निर्णयांत उतरवण्यासाठी नेमलेला ‘सकल राष्ट्रीय आनंद आयोग’ही त्याच वर्षी प्रशासकीय फेररचनेत बंद झाला. आणि सीमा उघडल्यावर ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी लोकांची जी रीघ लागली, ती पुढची दोन वर्षं थांबली नाही. शिक्षक गेले, परिचारिका गेल्या, पक्की सरकारी नोकरी असलेले अधिकारीही राजीनामे देऊन गेले. २०२४ पर्यंत देशाबाहेर गेलेल्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे ९ टक्के सांगितलं जाऊ लागलं.

नागरिकांचा आनंद मोजणं हे थोतांड आहे, असं मानणाऱ्यांना एवढं पुरतं. आनंदी म्हणवणाऱ्या देशातून लोक पळतात, मग मोजलं ते काय, असा त्यांचा सवाल असतो. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. भूतानच्या मोजणीतून पुष्कळ खऱ्या गोष्टी हाती आल्या आणि त्यातल्या काही वेळेआधी आल्या. जे निसटलं ते का निसटलं, हे मोजणीच्या रचनेतच शोधता येतं. हे प्रकरण धोरण आखणाऱ्यांनी नीट उलगडून पाहावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

मुंबई विमानतळावरचं उत्तर

या कथेचा एक धागा मुंबईतून जातो. १९७९ साली हवानामध्ये अलिप्त राष्ट्रांची परिषद झाली. तिथून परतताना भूतानचे चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक मुंबईला उतरले. विमानतळावर पत्रकारांनी देशाच्या सकल राष्ट्रीय उत्पादनाबद्दल विचारलं. आमच्यासाठी सकल राष्ट्रीय उत्पादनापेक्षा सकल राष्ट्रीय आनंद महत्त्वाचा आहे, अशा आशयाचं उत्तर राजांनी दिलं. तेव्हा ते २३ वर्षांचे होते. वडिलांच्या अकाली मृत्यूनंतर १९७२ मध्ये, सोळाव्या वर्षी, ते गादीवर आले होते.

हे उत्तर नेहमी एखाद्या सुभाषितासारखं सांगितलं जातं. त्यामागची भीती कोणी सांगत नाही. भूतानमध्ये मोटाररस्ता पोहोचला तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं १९७१ मध्ये. उत्तरेला तिबेटचं काय झालं ते डोळ्यांसमोर होतं, आणि १९७५ मध्ये शेजारचं सिक्कीम भारतात विलीन झालं होतं. दोन अवाढव्य देशांच्या मधे वसलेल्या या छोट्या राज्याकडे मोठं सैन्य नव्हतं, कारखाने नव्हते. स्वतःचं वेगळेपण हीच त्याची तटबंदी होती. त्यामुळे विकासाच्या चार खांबांमध्ये समन्यायी अर्थविकास, पर्यावरण आणि सुशासन यांच्या बरोबरीने संस्कृतीला जागा मिळाली. संस्कृतीचा हा खांब पुढे एका मोठ्या समाजावर कोसळला. त्याकडे नंतर येतो.

राज्यकारभाराचं प्रयोजन लोकांचं सुख आहे, हा विचार तिथे जुनाच आहे. प्रजेला सुख देता येत नसेल तर शासन असण्याला अर्थ नाही, असं १७२९ च्या विधिसंहितेत म्हटल्याचा दाखला दिला जातो. २००८ मध्ये देशाने लोकशाही राज्यघटना स्वीकारली. तिच्या नवव्या अनुच्छेदात, सकल राष्ट्रीय आनंदाचा शोध घेता येईल अशी परिस्थिती निर्माण करण्यासाठी राज्याने झटावं, असं कलम आलं. शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. लोकांना आनंदी करण्याची हमी राज्य देत नाही, परिस्थितीची जबाबदारी घेतं. एवढा संयम आपल्याकडच्या जाहीरनाम्यांतही यायला हवा.

१९७९ पासून पुढची पंचवीसेक वर्षं मात्र हा विचार भाषणांतच राहिला. मोजमाप नव्हतं, त्यामुळे कोणत्याही निर्णयाला ‘हे आनंदासाठी आहे’ असं लेबल लावता येई आणि कोणी खोडून काढू शकत नसे. खरा बदल झाला तो भूतान अभ्यास केंद्राने दाशो कर्मा उरा यांच्या नेतृत्वाखाली प्रश्नावली हातात घेतल्यावर.

प्रश्नावलीच्या पोटात

आधी एक गैरसमज बाजूला करू. दर मार्चमध्ये वृत्तपत्रांत ‘आनंदी देशांची यादी’ येते. तिच्यात २०१८ पासून फिनलंड पहिला असतो आणि २०२५ च्या यादीत भारत ११८ वा होता. ती यादी आणि भूतानचा निर्देशांक यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. यादीमागे मुख्यतः एकच प्रश्न आहे : शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा, सर्वांत वरची पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं सर्वोत्तम आयुष्य, तर आज तुम्ही कुठे उभे आहात? त्या शिडीवर भूतान २०१९ मध्ये ९५ व्या क्रमांकावर होता. ‘जगातला सर्वांत आनंदी देश’ ही पर्यटन कंपन्यांची भाषा आहे, आकड्यांत ती कुठे सापडत नाही.

भूतानने शिडी वापरली नाही. आयुष्याची नऊ क्षेत्रं घेतली : मानसिक स्वास्थ्य, आरोग्य, शिक्षण, वेळेचा वापर, सांस्कृतिक वैविध्य, सुशासन, समाजातली वीण, पर्यावरण आणि राहणीमान. नऊही क्षेत्रांना सारखं वजन. त्यांच्या पोटात मिळून ३३ निकष, आणि प्रत्येक निकषाला ‘इतकं असलं की पुरे’ अशी एक रेषा. शाळेची सहा वर्षं झाली की पुरे. महिन्यात २६ दिवस तब्येत ठीक असली की पुरे. झोप आठ तास. काम आठ तासांच्या आत. त्यापुढे गेलं की तो माणूस त्या निकषात कमी पडला. कामात घरकाम आणि मुलांचा सांभाळही धरलेला आहे.

समजा, पूर्व भूतानमधली चाळिशीची एक शेतकरी बाई आहे. घर स्वतःचं आहे, गोठ्यात गुरं आहेत, शेजारी अडीअडचणीला धावून येतात, देवळाच्या कामाला ती श्रमदान करते. पण शाळेत गेलेली नाही, रोज दहा-अकरा तास राबते आणि रानडुकरं मक्याचं पीक लोळवून जातात. (वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान हा या निर्देशांकातला स्वतंत्र निकष आहे. कोकणातल्या किंवा चंद्रपूरच्या शेतकऱ्याला तो कुणी समजावून सांगायला नको. त्याच्या रात्रीच्या जागरणाची नोंद घेणारा एकही सरकारी निर्देशांक मात्र मला आपल्याकडे आठवत नाही.) या बाईने वजनं धरून केलेल्या बेरजेत किती टक्के निकषांची रेषा गाठली ते पाहिलं जातं. ७७ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ती ‘गाढ आनंदी’, ६६ ते ७६ असेल तर ‘व्यापक अर्थाने आनंदी’, ५० ते ६५ असेल तर ‘जेमतेम आनंदी’, आणि त्याखाली ‘आनंदी नसलेली’. सगळ्या रेषा गाठायची कुणावर सक्ती नाही. संन्याशाला गुरं नकोत आणि शहरातल्या माणसाला लाकडी कोरीवकाम येत नसेल, तरी दोघंही आनंदी असू शकतात, ही मोकळीक रचनेतच आहे.

देशाचा निर्देशांक साध्या गणिताने निघतो. २०१० मध्ये ४०.९ टक्के लोक ६६ टक्क्यांच्या रेषेच्या वर होते. उरलेले ५९.१ टक्के खाली होते, पण त्यांनीही सरासरी ५६.६ टक्के निकष गाठले होते. तेवढं श्रेय त्यांच्या वाट्याचं धरून ०.४०९ मध्ये ०.५९१ गुणिले ०.५६६ मिळवले की ०.७४३ येतात. गरिबी मोजण्यासाठी सबिना अल्किरे आणि जेम्स फॉस्टर यांनी बसवलेली रीत इथे वापरली आहे. तिचा मोठा फायदा असा की आकडा उसवता येतो. जिल्ह्यानुसार, वयानुसार, स्त्री-पुरुषानुसार, आणि शेवटी निकषानुसार. ०.७४३ हा आकडा मंत्र्याला काहीच सांगत नाही. अमुक खोऱ्यातल्या बायका झोप आणि काम या दोन निकषांत सर्वांत जास्त कमी पडतात, हे कळलं की नळाचं पाणी आणि पाळणाघर यांचा विचार सुरू होऊ शकतो.

२०१० च्या पाहणीतून असं बरंच निघालं. पुरुषांपेक्षा बायका खूप मागे होत्या. शहरी लोक एकूणात पुढे होते ते आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानामुळे. खेड्यांनी समाजाची वीण, संस्कृती आणि शासनाशी नातं यांत शहरांना मागे टाकलं होतं. एक निकाल मात्र नीट लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं : अविवाहित आणि तरुण लोक सर्वाधिक आनंदी गटांत होते.

भावनांच्या प्रश्नांना या रचनेत मुद्दाम कमी वजन दिलं आहे आणि ते मला योग्य वाटतं. अमर्त्य सेन यांनी फार पूर्वीच बजावलं होतं की जन्मभर वंचित राहिलेला माणूस थोडक्यात समाधान मानायला शिकतो, त्यामुळे नुसत्या समाधानावरून त्याच्या स्थितीचा अंदाज बांधू नये. आपल्या घरांतल्या आज्यांना ‘कशी आहेस’ विचारलं तर काय उत्तर यायचं ते आपल्याला माहीत आहे. ‘बरी आहे’ या दोन शब्दांखाली दुखणारे गुडघे, सुनेशी अबोला आणि औषधाला नसलेले पैसे सगळं झाकलेलं असायचं. किती तास झोपतेस, महिन्यात किती दिवस दुखणं असतं, असं विचारल्यावर ते बाहेर पडतं.

कागदावरून कारभारात

पाहण्या तर पुष्कळ देश करतात. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय २०११ पासून समाधान, आयुष्याची सार्थकता, कालचा आनंद आणि कालची चिंता असे चार प्रश्न विचारत आलं आहे. न्यूझीलंडने २०१९ मध्ये ‘कल्याण अर्थसंकल्प’ मांडला आणि मानसिक आरोग्यासाठी मोठी रक्कम बाजूला काढली. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये स्वतंत्र आनंद विभाग स्थापला. भूतान याच्या एक पाऊल पुढे गेला. २००८ मध्ये जुन्या नियोजन आयोगाची जागा सकल राष्ट्रीय आनंद आयोगाला दिली आणि नव्या धोरणांचे मसुदे एका चाळणीतून जावेत अशी पद्धत घातली.

ही चाळणी म्हणजे एक तक्ता. ताण, आर्थिक सुरक्षितता, कुटुंबाला मिळणारा वेळ, पाण्याचं प्रदूषण, भ्रष्टाचार अशा वीस-पंचवीस बाबी. प्रत्येक बाबीवर प्रस्तावित धोरणाचा परिणाम वाईट असेल तर १ गुण, सांगता येत नसेल तर २, काहीच फरक पडणार नसेल तर ३, चांगला असेल तर ४. सगळीकडे ‘फरक नाही’ धरून जी बेरीज होते तिच्या खाली धोरण गेलं की ते परत पाठवायचं किंवा दुरुस्त करायचं.

तिचं गाजलेलं उदाहरण जागतिक व्यापार संघटनेचं आहे. भूतानने १९९९ मध्ये सदस्यत्वासाठी अर्ज केला होता. पुढे हा विषय २४ अधिकाऱ्यांसमोर आला. आधी नेहमीप्रमाणे हात वर करून मत घेतलं, तेव्हा १९ जण बाजूने होते, ५ विरोधात. मग त्याच माणसांनी तोच प्रस्ताव चाळणीत घालून एकेका बाबीवर गुण दिले. त्यानंतर १९ जण विरोधात गेले.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, पण मत उलटलं म्हणून नव्हे. व्यापार संघटनेत जाणं बरोबर होतं की चूक, यावर आजही दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मोलाची आहे ती विचारण्याची पद्धत. ‘जायचं का?’ हा प्रश्न एकदम विचारला की माणूस त्या वेळच्या हवेप्रमाणे उत्तर देतो. छोट्या दुकानदाराचं काय होईल, शेतकऱ्याच्या बियाण्याचं काय होईल, लोकांवरचा ताण वाढेल की घटेल, असं तुकड्या-तुकड्याने विचारलं की तोच माणूस थबकतो. ग्रामसभेत किंवा महापालिकेच्या स्थायी समितीत एखादा विषय पाच मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ होताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या थबकण्याची किंमत कळेल.

या प्रसंगात एक उणीवही आहे. गुण देणारे सगळे अधिकारीच होते, पक्की नोकरी आणि निवृत्तिवेतन असलेले. ज्यांना खासगी क्षेत्रात काम शोधायचं होतं, त्यांच्यापैकी कुणाचाही हात त्या तक्त्यावर फिरला नाही.

चाळणी येण्याआधीच्या काळातला एक निर्णय तिच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. लोकांच्या भल्यासाठी म्हणून भूतानने २००४ मध्ये तंबाखूच्या विक्रीवर देशभर बंदी घातली आणि २०१० मध्ये कायदा आणखी कडक केला. लगेच २०११ मध्ये थोडीशी चघळायची तंबाखू जवळ बाळगल्याबद्दल एका तरुण भिक्षूला तीन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. देश हादरला, कायदा सैल करावा लागला. महासाथीत सीमा बंद असताना भारतातून होणारी चोरटी आयात रोगाचा धोका वाढवू लागली, तेव्हा २०२१ मध्ये विक्रीबंदीच उठवली. लोकांचं हित कशात आहे हे वरून ठरवणं आणि लोकांना विचारून मोजणं, यांतलं अंतर या एका प्रकरणातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्या व्याख्यानातून दिसणार नाही.

बेकार तरुण ‘आनंदी’ कसा ठरतो

आता २०२२ कडे. निर्देशांक चढला तो खोटा नव्हता. घरं सुधारली होती, उत्पन्न वाढलं होतं, शाळा आणि सरकारी सेवा जास्त लोकांपर्यंत पोहोचल्या होत्या. आनंदी गटातले लोक ४३.४ टक्क्यांवरून ४८.१ टक्क्यांवर गेले होते, अजिबात आनंदी नसलेले ८.८ वरून ६.४ टक्क्यांवर आले होते. महासाथीत सरकारने लोकांना वाऱ्यावर सोडलं नव्हतं. २०२१ च्या वसंतात अवघ्या दोन-तीन आठवड्यांत पात्र प्रौढांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांना लशीचा पहिला डोस मिळाला होता. त्या कुप्या पुण्यात तयार झालेल्या कोव्हिशील्डच्या होत्या.

मग तरुण का निघाले? मी ३३ निकषांची यादी समोर घेऊन एका काल्पनिक तरुणाला तिच्यातून चालवून पाहिलं. वय २४, पदवीधर, थिंपूत आईवडिलांकडे राहतो, दोन वर्षांपासून नोकरी नाही. साक्षरता, शालेय वर्षं : पुरेशी. तब्येत, आजारपणाचे दिवस, अपंगत्व : काही अडचण नाही. घर पक्कं आहे. उत्पन्न कुटुंबाचं मोजून माणशी वाटलं जातं, त्यामुळे वडिलांच्या पगारावर तोही रेषा ओलांडतो. रानडुकरांचा त्रास नाही. मातृभाषा येते. झोप आठ तास सहज होते. आणि काम? रेषा आठ तासांच्या आत राहण्याची आहे. ज्याला कामच नाही तो ती अगदी आरामात पाळतो.

इथे गाठ सापडते. वेळेच्या वापराचा निकष आखला तेव्हा डोळ्यांसमोर ती राबणारी शेतकरी बाई होती. तिचं दुःख जास्त कामाचं होतं आणि निकषाने ते अचूक पकडलं. तिच्या शिकलेल्या मुलाचं दुःख कामच नसण्याचं आहे. ते या रेषेच्या चुकीच्या बाजूला, ‘पुरेसं’ या रकान्यात जाऊन पडतं. शिक्षणाला साजेसं काम आहे का, पाच वर्षांनी आपण कुठे असू याचा अंदाज बांधता येतो का, असं विचारणारा निकष तेहतिसांत नाही. आयुष्याच्या समाधानाचा आणि भावनांचा प्रश्न आहे, पण त्यांचं वजन कमी आहे. तरुण लोक सर्वाधिक आनंदी गटांत, हा २०१० चा निकाल आता वेगळा वाटू लागतो.

तरी मोजणीने काहीच इशारा दिला नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१५ चा निर्देशांक चढला तेव्हाच त्याच्या पोटात दोन क्षेत्रं घसरलेली होती : मानसिक स्वास्थ्य आणि समाजातली वीण. राहणीमान आणि सेवा यांतली सुधारणा मोठी होती, म्हणून बेरीज वरच गेली. पैसा आणि सोयी वाढत असताना आपलेपणा कमी होतो आहे, हे सरकारच्या हातात आलेल्या अहवालातच लिहिलेलं होतं, सात वर्षं आधी. नऊ क्षेत्रं इतक्या कष्टाने वेगळी मोजायची आणि बातमी मात्र शेवटच्या बेरजेची करायची, ही चूक भूताननेही केली. एका आकड्याचा मोह फार मोठा असतो. ज्या सकल उत्पादनाच्या एकेरी आकड्याला कंटाळून हा सगळा खटाटोप सुरू झाला, त्याच्याच जागी दुसरा एकेरी आकडा येऊन बसला.

शिवाय पाहणी होते ती घरात सापडणाऱ्या माणसांची. जो ऑस्ट्रेलियातल्या पर्थला गेला तो नमुन्यातून गळला, आणि त्याने पाठवलेल्या पैशाने मागे राहिलेल्या घराचं उत्पन्न व छप्पर सुधारलं. मुंबईतल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर चाललेली कोकणातली घरं आठवा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात घटली. जांभ्याच्या नव्या बंगल्याला कुलूप आणि ओटीवर एकटी म्हातारी, हे चित्र घराच्या निकषात उत्तम गुण मिळवेल.

जे मोजणीतच नव्हते

आता संस्कृतीच्या खांबाकडे. निर्देशांकात ‘ड्रिग्लाम नामझा’ नावाचा एक निकष आहे. ही भूतानची पारंपरिक शिष्टाचाराची पद्धत : पेहराव, वागणं, बोलणं, मोठ्यांपुढे उभं राहण्याची रीत. मोजणीच्या तक्त्यात तो निरुपद्रवी दिसतो. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच शिष्टाचाराची, घो आणि किरा या पोशाखांची सक्ती देशभर झाली, तेव्हा दक्षिणेतल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा समाजावर ती फर्मानासारखी आली. १९८५ चा नागरिकत्व कायदा आणि १९८८ ची जनगणना यांनी त्यांच्यातल्या असंख्य लोकांना कागदपत्रांअभावी परकं ठरवलं. शाळांतून नेपाळी भाषा गेली. निदर्शनं झाली, दडपली गेली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे एक लाख माणसं पूर्व नेपाळमधल्या छावण्यांत येऊन पडली. तिथे एक अख्खी पिढी जन्माला आली. २००७ पासून एक लाखाहून जास्त लोकांचं तिसऱ्याच देशांत, बहुतेकांचं अमेरिकेत, पुनर्वसन झालं.

यातल्या एकाचंही उत्तर कोणत्याही आनंद पाहणीत नाही. २०१० ची प्रश्नावली घेऊन तरुण सर्वेक्षक डोंगर चढत होते, तेव्हा हजारो माणसं पूर्व नेपाळमधल्या झापा जिल्ह्यातल्या छावण्यांत बांबूच्या झोपड्यांत राहत होती. ‘मूलभूत हक्क’ हा निकष निर्देशांकात आहे. तो देशात उरलेल्यांना विचारला गेला. मला भूतानच्या मोजणीबद्दल आदर आहे, आणि तरीही ही गोष्ट तिच्या तळाशी पडलेल्या तड्यासारखी वाटते. ज्यांनी हे मॉडेल जगभर नेलं त्यांनी तिचा उल्लेख क्वचितच केला. पंतप्रधान जिग्मे थिनले यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जुलै २०११ मध्ये आनंदाविषयीचा ठराव केला आणि २ एप्रिल २०१२ ला न्यूयॉर्कमध्ये त्यावर उच्चस्तरीय बैठक भरली. त्या सुमारालाही छावण्या रिकाम्या झालेल्या नव्हत्या.

त्यानंतर

देशातही कुरबूर होतीच. २०१३ मध्ये निवडून आलेले पंतप्रधान शेरिंग तोबगे यांनी उघड म्हटलं की आनंदाची चर्चा फार झाली; कर्ज, बेरोजगारी आणि भ्रष्टाचार यांच्याकडे पाहायला हवं. आनंद आयोगाचं काम २०२२ नंतर अर्थ मंत्रालय आणि मंत्रिमंडळ कार्यालय यांच्याकडे वाटलं गेलं. मला हा निर्णय चुकीच्या दिशेचा वाटतो. निर्देशांकात दोष सापडला होता तर रेषा बदलायच्या होत्या. ज्या कार्यालयाला विशिष्ट प्रश्न विचारून मसुदा परत पाठवता येत होता ते विसर्जित केल्यावर आकडा राहतो, पण त्याला कुठल्या टेबलावर ठेवायचं हे कुणाचंच काम राहत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये भूतान अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. त्याच महिन्यात, १७ तारखेच्या राष्ट्रीय दिनी, सध्याचे राजे जिग्मे खेसर यांनी आसामच्या सीमेलगत गेलेफू इथे ‘माइंडफुलनेस सिटी’ उभारण्याची घोषणा केली. परदेशी गुंतवणूक यावी, तरुणांना देशातच चांगल्या पगाराचं काम मिळावं, गेलेले परत यावेत, असा त्यामागचा हिशेब आहे. गेलेफू दक्षिणेत आहे, ज्या पट्ट्यातून ल्होत्शाम्पा गेले त्याच पट्ट्यात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राजे स्वतः ऑस्ट्रेलियाला गेले आणि सिडनी, कॅनबेरा, पर्थ इथे आपल्या लोकांना भेटले. घो-किरा नेसून आलेल्या त्या गर्दीत असे कितीतरी असतील की जे देशात असते तर तेहतीसपैकी बहुतेक रेषा सहज ओलांडून गेले असते.

पुढच्या पाहणीची प्रश्नावली बसवायला कुणी मला सांगितलं, तर मी वेळेच्या वापराच्या क्षेत्रात एक निकष वाढवेन : जे शिकलात त्याला धरून काम मिळालं आहे का, आणि मिळालं नसेल तर किती महिने शोधताय. कामाच्या रेषेला खालची बाजूही देईन, म्हणजे आठ तासांच्या वर गेलेला जसा कमी पडतो तसा काम हवं असून न मिळालेलाही कमी पडेल. आणि घर, उत्पन्न, गुरं यांची नोंद संपल्यावर सर्वेक्षकाने घरातल्या थोरल्या माणसाला विचारावं की या घरातलं कोण सध्या इथे राहत नाही, ते कधी गेलं आणि जाताना काय म्हणालं.